दाढ काढण्याआधी दोन प्रश्न जास्त विचारा

वणीच्या आठवडे बाजाराला आलेला माणूस दुखरी दाढ घेऊन दवाखान्यात शिरतो, तेव्हा बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारले जातात. डॉक्टर विचारतात, "कोणती दाढ?" आणि माणूस विचारतो, "किती पैसे लागतील?" दोघांनाही उत्तर मिळतं, दाढ निघते, माणूस घरी जातो. काही महिन्यांनी शेजारची दाढ ठणकू लागते. आपल्या वस्त्यांमध्ये पन्नाशीच्या आत तोंडाची बोळकी होतात, त्याला गरिबी कारण आहेच. पण न विचारलेले प्रश्नही तितकेच कारण आहेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रूट कॅनालचंच घ्या. हे बहुधा दोन-तीन खेपांचं काम. पहिल्या खेपेला किडलेली नस काढून वर तात्पुरतं सिमेंट भरतात. ठणका थांबतो आणि माणसाला वाटतं, झालं काम. मात्र ते सिमेंट टिकाऊ नसतं. ते झिजलं की आत पुन्हा जंतू शिरतात. शेवटी दाढ काढावीच लागते. पैसेही गेले आणि दाढही गेली. अशा वेळी कागदावर शेरा पडतो, "पेशंट आला नाही." का आला नाही, हे कोण विचारतं? ऑक्टोबरात द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू होते, जानेवारीपासून खुडणी. टोळीत काम करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारायला हवं, "ताई, पुढच्या खेपांना कोणत्या वारी येणं जमेल? जमणारच नसेल तर दुसरा काय मार्ग काढू?" या एका प्रश्नाने कितीतरी दाढा वाचतील.

दुसरा प्रश्न मिश्रीचा. "मिश्री लावता का?" असं दरडावून, चार माणसांत विचारलं तर बाई "नाही" म्हणणारच. तेच बाजूला घेऊन, "दिवसातून किती वेळा लावता? दात दुखतो म्हणून लावता की सवयीने?" असं विचारलं तर खरं उत्तर येतं. ते कळणं गरजेचं आहे, कारण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरडी बधिर होते, दुखणं झाकलं जातं, आतला रोग मात्र वाढत राहतो. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली, तरी पुड्या वस्तीपर्यंत पोहोचतातच. तोंड उघडल्यावर आपली तीन बोटं उभी आत जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दाढेची वाट न पाहता तपासणी करून घ्या.

तिसरे प्रश्न जिवाशी गाठ असलेले. शुगर आहे का? बीपी आहे का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठतं का? दिवस गेले आहेत का? शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगरही आटोक्यात राहत नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि एक प्रश्न असा, जो नको तेव्हा विचारला जातो. "आडनाव काय? कोणत्या वस्तीतले?" कागद भरायला नाव लागतं, हे आम्हाला कळतं. पण उत्तर ऐकून ज्यांचा आवाज बदलतो, ज्यांचा हात पेशंटच्या तोंडाजवळ जाताना अवघडतो, त्यांनी स्वतःलाच विचारावं की आपण दात तपासतो आहोत की जात.

काही डॉक्टर म्हणतात, गर्दीत एवढं विचारायला वेळ कुठे आहे? नर्सिंगच्या कामातून आम्ही सांगतो, वेळ मिळतो. बाकावर बसलेल्या पेशंटला मदतनीस हळू आवाजात हे प्रश्न विचारून कागदावर टिपू शकते. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवू शकते. डॉक्टरांच्या हाती कागद जाईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं.

आता आपली बाजू. "किती पैसे?" हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. खुर्चीत बसण्याआधी एवढं विचारा: दाढ भरता येईल की काढावीच लागेल? नाही काढली तर काय होईल? एकूण किती खेपा आणि वरच्या टोपीसकट एकूण किती खर्च? अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केली आहेत का? तुमचा दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता? पावती आणि एक्स-रे मागून घ्या. हा उद्धटपणा नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली. उपचाराची माहिती, खर्चाचा अंदाज आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत हे त्यात आपले हक्क म्हणून लिहिलेले आहेत.

सरकारी दवाखान्यालाही प्रश्न विचारायचे आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारूया: दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात? दातांची खुर्ची चालू आहे का? इथे दाढ फक्त काढतात की भरतातही? पुढे पाठवायचं तर चिठ्ठी देता का? नाशिक 40 किलोमीटरच्या आसपास. चिठ्ठीशिवाय गेलेला माणूस तिथे खिडक्या हिंडत बसतो. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. दर बहुधा कमी असतात, खेपा मात्र वाढतात. हेही आधीच विचारून जावं.

एकट्याने विचारलं तर टोलवतात, दहाजणांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. 2007 मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले. तीच रीत दातांसाठी वापरायला काय हरकत आहे?

14 एप्रिलला अनेक वस्त्यांत दंत तपासणी शिबिर होतं. पेस्ट वाटली जाते, फोटो निघतो, किती जणांना तपासलं तो आकडा छापून येतो. यंदा आयोजकांना एवढंच विचारा: गेल्या शिबिरात ज्यांना उपचार सांगितले, त्यांपैकी किती जणांचे उपचार पूर्ण झाले? ज्यांचे राहिले त्यांची यादी विहारात करा आणि पौर्णिमेच्या बैठकीत एकेक नाव घेऊन विचारा, काय अडलं. त्या उत्तरांतूनच पुढचं शिबिर ठरवा.