जुन्या व्हॅनचें तापणें

गाडी तापूं लागली कीं मिस्त्रीकडून थर्मोस्टॅट काढवावयाचा, विहिरीचें पाणी भरावयाचें, व पुनः बाजाराची वाट धरावयाची, अशी वहिवाट पडून गेली आहे. ही वहिवाट सर्वस्वीं चुकीची आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

१९८४ सालीं निघालेली व १९८८ पासून ओम्नी नांवानें ओळखली गेलेली मारुति व्हॅन २०१९ सालीं बनावयाची बंद झाली. तथापि भाजी व दूध वाहणाऱ्या अशा गाड्या अजूनहि पुष्कळ शेतकरी बाळगून आहेत. तिचें इंजिन पुढील बैठकीखालीं कोंडलेलें असतें, आणि रेडिएटर नाकाशीं, रस्त्याच्या जवळ, असल्यानें धूळ, चिखल व भुसा प्रथम त्याच्याच जाळींत शिरतो.

गाडी तापते, एवढी तक्रार पुरेशी नाहीं. ती कोठें व केव्हां तापते हें पाहावें. बाजाराच्या फाटकाशीं रांगेंत उभी असतां तापते व मोकळ्या रस्त्यास लागतांच निवते, तर संशय विजेच्या पंख्यावर घ्यावा. त्यास बॅटरीचा प्रवाह थेट देऊन पाहावा. फिरला तर दोष फ्यूज, रिले, स्विच किंवा तारांत, न फिरला तर पंख्याच्या मोटरींत समजावा. उलट, उभी असतां ठीक राहून भरल्या ओझ्यानें चढावर तापत असेल, तर रेडिएटर बाहेरून भुशानें किंवा आंतून क्षारानें चोंदला असण्याचा संभव अधिक. निघाल्यावर थोड्याच वेळांत कांटा चढला आणि रेडिएटर मात्र गारच लागला, तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकला असावा.

हा थर्मोस्टॅट म्हणजे पाटाचें दारच होय. इंजिन गार असतां तो पाणी आंतच फिरवितो, व साधारण ८२ अंश सेंटिग्रेडला उघडूं लागून रेडिएटरकडे सोडतो. दारच उपटून टाकल्यास थंडीच्या दिवसांत इंजिन पुरतें तापत नाहीं, पेट्रोल अधिक जातें, झीज वाढते; आणि मूळ दोष जागच्या जागीं राहतो. तो काढून पातेल्यांतील पाण्यांत टांगावा, पाणी तापवावें, व उघडतो कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. न उघडला तर नवा घालावा.

पाणी किती व कोणत्या दिवशीं घातलें याची वही ठेवावी. (महसूल खात्यांत आयुष्य गेलेल्या माणसाची ही खोड म्हणा.) वहींत घट दिसते पण जमिनीवर थेंब नाहीं, तर प्रथम झाकण तपासावें. अशीं झाकणें दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०.९ किलोग्रॅम दाब धरतात, व त्या दाबाखालीं पाणी १०० ऐवजीं ११८ अंशांच्या सुमारास उकळतें. रबर कडक झालें कीं हा लाभ गेला. झाकण चांगलें असूनहि घट राहिली, आणि पाण्यांत अखंड बुडबुडे किंवा तेलास दुधट रंग दिसला, तर हेड गॅसकेट गेलें असें धरून गाडी पुढें चालवूं नये. हेड ॲल्युमिनियमचें असल्यानें तें लवकर वांकतें. कढत इंजिनावर गार पाणी ओतणें किंवा वाफ असतां झाकण उघडणें, हीं दोन्हीं कृत्यें घातक आहेत.

विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी बहुधा जड असतें. त्याचा थर आंत बसतो. निर्मळ डिस्टिल्ड पाणी व कूलंट समभाग मिसळून भरावें. काढलेलें जुनें कूलंट मात्र गोठ्याजवळ सांडूं नये, कारण त्यांतील इथिलीन ग्लायकॉल चवीस गोड असून जनावरांस विषारी आहे.