चार सेकंदांचा हिशेब

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनीचें पत्र आमच्या मेजावर बरेच दिवस उत्तराची वाट पाहत पडून होतें. उशिराचा दोष सर्वस्वीं आमचा. प्रश्न मात्र शिळा होण्याजोगा नाहीं. बाई लिहितात कीं, १८ ऑगस्ट २०२४ रोजीं, रविवारीं रात्रीं, फ्रान्समधील स्त्रियांच्या सायकल-शर्यतीचा अखेरचा टप्पा त्या मायलेकींनीं पडद्यावर पाहिला. आल्प द्युएझच्या माथ्यावर सर्वांच्या आधीं पोहोंचली ती हॉलंडची डेमी व्होलरिंग. आणि मानाची पिवळी जर्सी राहिली ती चौथ्या आलेल्या पोलंडच्या काशा नेव्याडोमा हिच्या अंगावर. "पहिली आली तिला दुसरी ठरवायचें, हा कोणता न्याय?" हा त्यांचा एक प्रश्न. दुसरा अधिक घरगुती आहे. त्यांची कन्या पंधरा वर्षांची असून आठवड्यांतून दोनदां सायकलीनें पन्हाळ्याचा चढ चढते, आणि अशाच शर्यतींत उतरण्याचें तिनें मनांत घेतलें आहे. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, चार सेकंदांसाठीं हाडें मोडून घेणें हा मुलींचा खेळ नव्हे, आणि हीं सगळीं अलीकडचीं खुळें आहेत.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि गृहिणीस चटकन् पटेल, कारण तें हिशेबाच्या वहींत आहे. ही शर्यत एका दिवसाची नसते. २०२४ सालीं ती रॉटरडॅम येथें सुरू झाली व बेल्जममधून फ्रान्समध्यें उतरून आल्प्स पर्वतांत संपली. सात दिवसांत आठ टप्पे आणि सुमारें ९५० किलोमीटरांची वाट. प्रत्येकीस रोज लागलेला वेळ लिहून ठेवतात आणि अखेरीस बेरीज करतात. जिची बेरीज सर्वांत लहान, ती विजयी. शिवाय टप्प्याच्या शेवटीं पहिल्या तिघींस अनुक्रमें १०, ६ व ४ सेकंदांची सूट मिळते. अखेरच्या दिवशीं सकाळीं व्होलरिंग ही नेव्याडोमाच्या ७५ सेकंद मागें होती. डोंगरमाथ्यावर ती ६१ सेकंद आधीं पोहोंचली, आणि पहिली आल्याबद्दल १० सेकंद सूट मिळाली, एकूण ७१. चौथ्या क्रमांकास सूट नाहीं. बाकी उरली चार सेकंदांची. पुरुषांची शर्यत १९०३ सालापासून चालत आली आहे. तींतहि इतक्या थोड्या फरकानें कधीं निकाल लागला नव्हता.

हे चार सेकंद गेले कोठें, याचा शोध आम्हीं वही मागें उलटून घेतला, तेव्हां एक चमत्कारिक नोंद दृष्टीस पडली. १४ ऑगस्टचा टप्पा लिएज गांवीं संपला. शेवटच्या रेषेवर पुक पीटर्से व व्होलरिंग या दोघी इतक्या जवळजवळ आल्या कीं, छायाचित्र पाहून निर्णय द्यावा लागला. पीटर्से पहिली, व्होलरिंग दुसरी, नेव्याडोमा तिसरी. पहिलीचे १० आणि दुसरीचे ६ यांतील अंतर नेमकें चार सेकंदांचें! चाक वीतभर पुढें गेलें असतें, तर अखेरच्या बेरजेंत दोघींची बरोबरी झाली असती. त्या संध्याकाळीं या चारांकडे कोणाचें लक्ष गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

मोठा तोटा मात्र दुसऱ्या दिवशींचा. आम्नेव्हिल गांव सुमारें ६ किलोमीटर राहिलें असतां घोळक्यांत कित्येकजणी एकदम पडल्या, व पिवळी जर्सी ल्यालेली व्होलरिंग त्यांत सांपडली. ती उठली, सायकलीवर बसली, पण पहिलीच्या मागून पावणेदोन मिनिटांनीं पोहोंचली. नियम असा आहे कीं, अशा टप्प्यांत शेवटच्या ३ किलोमीटरांत कोणी पडल्यास तिला आपल्या सोबतच्या घोळक्याचाच वेळ द्यावा. तीन किलोमीटर अलीकडे पडण्याचें तिच्या नशिबीं होतें. त्याहून बोचणारी गोष्ट अशी कीं, त्या दिवशीं पहिली आली ती तिच्याच संघांतील हंगेरीची ब्लांका व्हास. संघांतील पुढें गेलेल्या मैत्रिणी थांबल्या कां नाहींत, पडल्याची बातमी त्यांच्या कानांतील यंत्रांत वेळेवर पोहोंचली होती कीं नाहीं, यावर पुढें पुष्कळ वादविवाद झाला. त्या वादांत शिरण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु नेव्याडोमानें थांबावयास हवें होतें असें जे म्हणतात, त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. रेषा दिसूं लागल्यावर प्रतिस्पर्धिनीनें थांबावें असा संकेत या खेळांत नाहीं. थांबण्याचें कर्तव्य असतेंच तर तें स्वकीयांचें.

आणि स्वकीय म्हणजे काय, हें या खेळांत समजून घेण्यासारखें आहे. संघांत सातजणी. त्यांपैकीं एकीस जिंकावयाचें, बाकीच्या सहाजणींनीं राबावयाचें. पुढील सायकलीच्या अगदीं मागें चाक ठेवून चाललें तर वारा कमी लागतो आणि श्रम सुमारें एक तृतीयांशानें वांचतात. म्हणून या सहाजणी आळीपाळीनें नायिकेच्या पुढें राहून वारा अंगावर घेतात. मागून येणाऱ्या संघाच्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, त्या पाठीवरच्या खिशांत कोंबून पुन्हां घोळका गांठतात, आणि नायिकेचें चाक फुटलें तर आपलें काढून देतात. मग दमून मागें पडतात. तथापि त्यांनाहि ठराविक मुदतींत पोहोंचावेंच लागतें, नाहीं तर दुसऱ्या दिवशीं निघावयास मिळत नाहीं. वर्तमानपत्रांत त्यांचीं नांवें क्वचितच येतात. आमच्या वाचक भगिनींस याचें नवल वाटूं नये. पंगतींत वाढणाऱ्यांचें पान शेवटीं मांडलें जातें, हें त्यांना सांगावयास नको.

खाणें हेंहि या शर्यतींत एक कामच. सायकल न थांबवितां, भूक असो वा नसो, तासातासाला भाताच्या लहान वड्या, केळें, साखरेचा पाक पोटांत ढकलावा लागतो. आज उपाशी राहिलें तर उद्यां पाय चालत नाहींत. २०२२ सालीं ही शर्यत नव्या स्वरूपांत पुन्हां सुरू झाली, तेव्हां आनेमीक व्हान व्ह्लोइटन हिचें पोट पहिल्या दिवसांतच बिघडलें, अन्नपाणी ठरेना, आणि ती शर्यत सोडून जाण्याच्या बेतांत आली होती. कशीबशी ती घोळक्यांत टिकली. प्रकृति सुधारल्यावर सातव्या दिवशीं डोंगरांत तिनें दुसरीस साडेतीन मिनिटांच्या आसपास मागें टाकिलें आणि अखेर विजयहि मिळविला. एका दिवसाच्या शर्यतींत आजारी मनुष्य घरीं राहतो. येथें वाईट दिवसहि बेरजेंत धरावा लागतो.

आतां "अलीकडचीं खुळें" याविषयीं. वडील मंडळींचा मान राखून आम्ही त्यांस इटलींतील १९२४ सालची हकीकत सांगूं इच्छितों. 'जिरो' नांवाच्या पुरुषांच्या शर्यतींत त्या वर्षीं आल्फोन्सिना स्त्रादा या बाईनें नांव घातलें. शर्यत १२ टप्प्यांची, एकूण ३,६१३ किलोमीटर, रस्ते खडीचे आणि चिखलाचे. सुरुवातीच्या यादींत तिचें नांव 'आल्फोन्सिन' असें पुरुषी थाटाचें छापलें गेलें, त्यामुळें ती बाई आहे हें पुष्कळांस कळलेंच नाहीं. आक्विला ते पेरुजा या टप्प्यांत पाऊसवाऱ्यांत पडून तिच्या सायकलीचें हँडल मोडलें. तेथें केरसुणीचा दांडा बसवून तिनें वाट पुरी केली, असें सांगतात. मुदतीनंतर पोहोंचल्यामुळें तिचें नांव क्रमवारींतून काढलें गेलें. परंतु पुढील टप्पे क्रमवारीबाहेर राहून धांवण्यास चालकांनीं तिला परवानगी दिली, आणि ती मिलान शहरापर्यंत गेली. निघालेल्या ९० स्पर्धकांपैकीं क्रमवारींत उरले अवघे ३०. केरसुणीचा दांडा कोणी दिला, तो कोणा गृहिणीच्या हातांतला होता काय, हें जाणण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे.

फ्रान्समधील शर्यतीची कथाहि अशीच अडखळत आलेली. १९८४ सालीं स्त्रियांसाठीं १८ टप्प्यांची शर्यत, पुरुषांच्या शर्यतीच्या दिवशींच व बहुतेक त्यांच्याच वाटेच्या शेवटच्या भागावर, भरविली गेली. अमेरिकेची मेरिअॅन मार्टिन जिंकली व पॅरिस येथें पुरुषांतील विजेता लोराँ फिन्यों याच्या शेजारीं उभी राहिली. तिच्या हातीं करंडक आणि सुमारें एक हजार डॉलर पडले. त्याची रक्कम लाखाच्या घरांतली. १९८९ नंतर ती शर्यत त्या स्वरूपांत बंद पडली. पुढें निराळ्या नांवांनीं कांहीं वर्षें चाललेल्या शर्यतीहि २००९ नंतर राहिल्या नाहींत. २०२२ मध्यें विजयी स्त्रीस ५०,००० युरो मिळाले, पुरुषास ५,००,०००. रक्कम वाढली, अंतर राहिलें.

पुन्हां त्या रविवारकडे वळूं. ग्लांदों नांवाचा सुमारें २० किलोमीटरांचा घाट चढत असतां व्होलरिंगनें जोर केला व तिच्याबरोबर एकटी पाउलिना रोयाकर्स टिकली. नेव्याडोमा मागें पडली. घाटापलीकडील दरींत तिच्या सोबत इतर संघांतील कांहींजणी होत्या. त्यांनीं आपापल्या हेतूनें वेग ठेवला, आणि त्यांच्या आडोशानें तिचें नुकसान आटोक्यांत राहिलें. नंतर आल्प द्युएझचीं २१ वळणें. तेथें आडोसा कोणाचाच नाहीं. २०२२ व २०२३ अशीं दोन वर्षें ती तिसरी आली होती. व्होलरिंग रेषा ओलांडून जमिनीवर बसली आणि घड्याळाकडे पाहत राहिली; दुसरी अजून चढत होती. पुढें २०२५ सालीं पोलीन फेराँ-प्रेव्हो या फ्रेंच स्त्रीनें साडेतीन मिनिटांहून अधिक अंतरानें ही शर्यत जिंकली, आणि व्होलरिंग पुन्हां दुसरी, नेव्याडोमा तिसरी आली.

हाडांविषयींची वडील मंडळींची धास्ती आम्ही खोटी म्हणत नाहीं. आम्नेव्हिलच्या पडण्यांत व्होलरिंगच्या माकडहाडास इजा झाली होती, असें नंतर प्रसिद्ध झालें. तशाच स्थितींत तिनें उरलेले तीन टप्पे पुरे केले. तिची जिद्द मोठी खरी, पण दुखऱ्या हाडानें डोंगर चढणें हें पंधरा वर्षांच्या मुलीपुढें कित्ता म्हणून ठेवावयास आमचें मन घेत नाहीं. पडल्यावर आधीं डॉक्टर, मग सायकल, एवढी अट आईनें घालावी. पोटभर जेवण्याचीहि घालावी. हलकें होण्याच्या नादानें या खेळांतील पुष्कळ मुलींनीं प्रकृतीची हेळसांड करून घेतली आहे. याउपर कन्येस एकच विचारावें: पहिलीं कांहीं वर्षें दुसऱ्या कोणासाठीं पाण्याच्या बाटल्या आणावयास ती तयार आहे काय? संघांत नव्या मुलीच्या वांट्यास बहुधा तेंच काम येतें.

बाईंच्या पत्रांतील एक मजकूर आम्हीं मुद्दाम शेवटासाठीं ठेविला. कन्या पन्हाळा चढते तेव्हां त्या स्वतः स्कूटरवरून मागोमाग जातात आणि घड्याळ लावतात. शर्यतींत घालावें कीं घालूं नये, याचा निर्णय त्या आमच्यावर सोंपवितात. पण मागील खेपेपेक्षां मुलगी अकरा सेकंद आधीं वर पोहोंचली, हें त्यांनीं चार पानांच्या त्या पत्रांत दोन ठिकाणीं लिहिलें आहे.