कचेरीतला सत्यनारायण

‘सरकारी कचेरीत वर्षातून एकदा सत्यनारायण घातला तर कोणाचे काय बिघडते?’ हा सवाल नवा नाही. २०१७च्या जानेवारीत राज्य सरकारने कार्यालयांतील व शाळांतील देवांच्या तसबिरी आणि धार्मिक विधींना मनाई करणारे परिपत्रक काढले, ओरड होताच गुमान मागे घेतले. सवाल तसाच राहिला.

पूजेचे समर्थक म्हणतात, हा धर्म नव्हे, संस्कृती आहे. गुजरात उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाला आव्हान देणारी याचिका २०११मध्ये दंडासह फेटाळली गेली, हा त्यांचा हुकमी दाखला. पण सत्यनारायणात संकल्प सोडतात, पोथी वाचतात. प्रसाद न घेता धावलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडाल्याचे ऐकवतात. ही उघड श्रद्धा आहे. तिला निव्वळ रिवाज म्हणून खपवणे हा भाविकांचाच अवमान.

दुसरा मुद्दा: वर्गणी सगळे खुशीने देतात. शिपाई यादी घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. पहिले नाव साहेबांचे, पुढे पाचशेचा आकडा. जो साहेब गोपनीय अहवाल लिहिणार, त्याच्या नावाखाली ‘निरंक’ लिहिण्याची कोणत्या कारकुनाची छाती आहे? नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत, तर त्याची वरची वेतनश्रेणी अडली. न्याय मिळाला, पण त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. खुशीची किंमत इतकी नसते.

तिसरा मुद्दा ठेवणीतला: ‘त्यांचे चालते, मग आमचेच का नाही?’ जेवणाच्या सुट्टीत नमाजाला जाणारा सहकारी स्वतःचा वेळ खर्च करतो. त्याने उद्या साहेबांच्या दालनात सामुदायिक कार्यक्रम ठेवून यादी फिरवली, तर त्यालाही हाच नियम लावा.

मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन टिळा, टोपी, पगडी, हिजाब सगळे फाटकाबाहेर ठेवा म्हणणारेही चुकतात. फ्रान्समध्ये सरकारी नोकराला कामावर धर्मचिन्ह घालता येत नाही. आपल्या घटनेने ती वाट धरलेली नाही. कलम २५ प्रत्येकाला धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते; त्याच्या स्पष्टीकरणात तर कृपाणाचा नावानिशी उल्लेख आहे. कारकुनाच्या टेबलाच्या काचेखाली विठोबाचा फोटो असला म्हणून सातबारा चुकत नाही. गणवेशधारी दलांच्या शिस्तीचा प्रश्न वेगळा.

तेव्हा सरळ भेद करावा: श्रद्धा माणसाची असते, कार्यालयाला धर्म नसतो. कोणत्याही प्रसंगी तीन गोष्टी पाहाव्यात: वेळ कोणाचा, पैसा कोणाचा आणि नाही म्हणणाऱ्याला मोकळीक आहे का? खंडेनवमीला एसटीच्या आगारात मेकॅनिक पाळी संपल्यावर पान्यांना झेंडूची फुले वाहतात, ज्याला नको तो घरी जातो. तिथे तक्रारीला जागा नाही. पण तहसील कचेरीत भर दुपारी केळीचे खांब बांधले जातात आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गावाहून आलेल्या बाईला ‘साहेब पूजेला बसलेत, उद्या या’ असे ऐकावे लागते, तेव्हा तिची एका दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे पुन्हा पडते. ती हिंदू असली तरी बुडते.

साहेबांनी सत्यनारायण अवश्य घालावा. घरी, रविवारी, स्वतःच्या खर्चाने. आणि कचेरीतल्या सर्वांना प्रसादाला बोलवावे. जे येतील ते मनापासून येतील.