स्नायू, शृंग आणि अनुवादक

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी धनुष्याच्या दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग यांच्याबरोबर स्नायूही सांगितला आहे. मराठी वाचकाला 'स्नायू' म्हणजे दंडातील मांसपेशी. मूळ अर्थ मात्र चिवट तंतू, आपल्या परिभाषेत कंडरा. शब्द जसाच्या तसा उचलणारा अनुवाद येथे निर्दोष भासतो आणि चुकतो.

अशा वेळी कोशापेक्षा कारागिराचे ज्ञान उपयोगी पडते, असे माझे मत आहे. जयपूरच्या सिटी पॅलेसमधील सिलेहखान्यात किंवा १८८७ साली खुल्या झालेल्या अल्बर्ट हॉलमध्ये उत्तर हिंदुस्थानची शस्त्रपरंपरा मांडलेली आहे. त्या परंपरेतील जोडधनुष्याच्या गाभ्यात लाकूड, धनुर्धराकडील अंगास शिंग आणि पाठीवर सरसाने बसवलेले कंडरांचे तंतू असत. शिंग दाब सोसते, तंतू ताण. ओल हा सरसाचा वैरी. म्हणून वर रंगरोगण. अन्यत्र हेच काम सापाच्या कातड्यानेही केले जाई.

दोरी उतरताच हे धनुष्य उलट वळते. ते पुन्हा चढवणे बळाइतकेच कसबाचे काम. सीतास्वयंवरात नेमापेक्षा धनुष्य चढवणे हाच पण का, हे कॅलेंडरावरील बांबूच्या कमठ्यावरून उमगत नाही. पुराणकथेतील धनुष्य असेच घडवलेले होते, असा माझा दावा नाही; कसोटीचे मर्म तेवढे कळते. 'शार्ङ्ग' या नावात तर शृंग उघडच आहे. त्याचे नुसते 'धनुष्य' केले की शिंग गळून पडते, आणि त्याबद्दल तळटीपही सहसा आढळत नाही.

फारसी 'कमान' मराठीत दाराच्या माथ्यावर टिकली, ही गंमत वेगळीच. कच्छात धनुष्ये घडवणारे कमानगर पुढे भिंती रंगवू लागले. त्यांचे नाव आता चित्रशैलीला उरले आहे.