शेणखत : महसुली खर्च की भांडवल?

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे लहानसे स्थानक लागते. भोवती मराठवाड्याची काळी, भारी जमीन; जवळच परभणीची बाजारपेठ आणि १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ. अशा गावातील भाजीपाला उत्पादकाने रासायनिक खत सोडून शेणखत धरले, तर त्याला लाभ होईल की हानी? हा प्रश्न भावनेने नव्हे, हिशेबाने सोडवावा लागतो. आणि हिशेब तर आपल्या घराण्यांचा परंपरागत विषय.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का असते. म्हणजे दहा टन खतात ५० किलो. त्यातील साधारण एक तृतीयांश, म्हणजे १६-१७ किलोच पहिल्या पिकाला मिळते. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत मात्र २० किलोंहून अधिक नत्र असते. त्यामुळे रासायनिक खत एकाएकी बंद केल्यास पहिल्या वर्षी वांग्या-टोमॅटोचा तोडा घटण्याचीच शक्यता अधिक. श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात रोखली आणि नोव्हेंबरमध्ये माघार घेतली, ती याच कारणाने.

मग शेणखत तोट्याचे ठरते काय? मुळीच नाही. उरलेले नत्र जमिनीत राहून पुढील पिकांना हळूहळू लाभते. सेंद्रिय कर्ब वाढला की चिकट जमीन भुसभुशीत होते, पाण्याचा निचरा सुधारतो, ओल अधिक काळ टिकते. वाणिज्याच्या परिभाषेत युरिया हा महसुली खर्च, तर शेणखत ही भांडवली गुंतवणूक. पीककर्जाची परतफेड मात्र वर्षाच्या आतच करावी लागते. शेतकरी युरियाकडे वळतो ते अज्ञानाने नव्हे, खेळत्या भांडवलाच्या टंचाईने.

यावर मध्यम मार्ग आहे. माती परीक्षण करून शेणखतासोबत रासायनिक खताची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी. विकतचे खत परवडत नसेल, तर पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली ‘नाडेप’ पद्धत आहे. विटांच्या जाळीदार टाक्यात काडीकचरा, माती आणि थोडे शेण यांपासून तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

उत्पन्नाचा प्रश्न तरीही उरतोच. हंगामी पिकांना सेंद्रिय प्रमाणपत्रापूर्वी साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ असतो. त्या काळात लिलावात त्याची भाजी सर्वसाधारण भावानेच विकली जाते. हीच दोन वर्षे शेतकऱ्याला सर्वांत जड जातात. येथे आपल्या व्यापारी कुटुंबांना करण्यासारखे पुष्कळ आहे. आडतदारांनी अशा मालाची वेगळी विक्री करावी; खतविक्रेत्यांनी गोणी देण्यापूर्वी माती परीक्षणाचा अहवाल मागावा; आणि चार-पाच कुटुंबांनी मिळून एखाद्या शेतकऱ्याशी वर्षभराचा भाव आधीच ठरवून घ्यावा. खात्रीचा ग्राहक मिळाला, तर तो पहिल्या वर्षाची घट सोसू शकेल.