नोंद नसेल तर न्याय कोठून?



थॅलिडोमाइडचा विषय निघाला की आपल्या वर्तुळात एक समाधानाचा सूर उमटतो : "ते रासायनिक औषध होते; आपल्याकडे असे घडत नाही." हे समाधान अनाठायी आहे, असे माझे नम्र मत आहे.

ऑक्टोबर १९५७ पासून पश्चिम जर्मनीत ग्रुनेन्थाल कंपनीचे हे निद्राकर औषध 'कॉन्टरगान' या नावाने चिठ्ठीविना विकले जात होते. निर्धोक अशी त्याची ख्याती असल्याने गर्भिणींनीही ते घेतले. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तेथील बाजारातून काढले गेले; परंतु जगभरात सुमारे १०,००० बालके व्यंगासह जन्मली. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी मातांना गर्भारपणातील औषधांविषयी पुनःपुन्हा विचारले, तेव्हा दुवा सापडला. कित्येकींना ती गोळी सांगण्याजोगीही वाटली नव्हती.

न्याय मात्र फार लांब राहिला. आल्सडॉर्फ येथे मे १९६८ मध्ये सुरू झालेला खटला डिसेंबर १९७० मध्ये निकालाविना संपला; कुटुंबांना कंपनीशी १० कोटी मार्कांच्या तडजोडीवर थांबावे लागले. कंपनीची जाहीर क्षमायाचना आली ती ३१ ऑगस्ट २०१२ रोजी.

अमेरिकेची हकिगत आपल्याला अधिक जवळची आहे. फ्रान्सिस केल्सी यांच्या दक्षतेमुळे तेथे औषधास परवानगी मिळाली नाही. तरीही 'चाचणी'च्या नावाखाली हजाराहून अधिक डॉक्टरांना नमुन्याच्या गोळ्या वाटल्या गेल्या. १९६२ मध्ये शोध सुरू झाला, तेव्हा अनेकांकडे त्या कोणाला दिल्या याची नोंदच नव्हती. बालकाचे व्यंग डोळ्यांसमोर होते. मातेने तीच गोळी घेतली, याचा पुरावा कोठून आणायचा?

आता आपल्या चिकित्सालयाकडे वळू. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका गर्भिणीच्या हाती तीन निनावी पुड्या होत्या. देणाऱ्याकडे चौकशी केली, तर त्यालाही घटक सांगता आले नाहीत. सुदैवाने सारे निर्विघ्न पार पडले. परंतु सुदैव ही चिकित्सा नव्हे. वत्सनाभ, धत्तूर, हरताल ही द्रव्ये कायद्याच्या 'ई-१' अनुसूचीत आहेत. त्यांच्या कल्पांच्या बाटलीवर सावधानतेची सूचना असते. पुडी बांधली की ती सूचना बाटलीवरच राहते.

गर्भिणीची काळजी तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे घ्यावी, असे चरकाचार्यांनी सांगितले. ते पात्र सांडलेच, तर कोणाच्या हातून सांडले, हे सांगण्याची तरी आपली सिद्धता आहे काय?

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे : प्रत्येक पुडीवर कल्पाचे नाव, मात्रा व दिनांक लिहावा. त्याची एक प्रत आपल्या वहीत ठेवावी. औषधालयांनी गर्भिणीला देताना निर्माता व बॅच क्रमांकही टिपावा. अनिष्ट परिणामाची शंका आली, तर ती लपवू नये. आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता केंद्राकडे कळवावी.

गुप्त योगाची प्रतिष्ठा जपण्यासाठी नाव लिहीत नाही, असे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून लिहितो की, मातेच्या अधिकाराहून मोठे कोणतेही गुपित नाही. शिवाय हीच नोंद निर्दोष वैद्यालाही तारणारी आहे. विश्वासाने पुढे केलेल्या हातावर निनावी पुडी ठेवणे, हे आता तरी थांबावे.