हातपाय गरम झाले का?

भात कापणीला आलं की पेण-रोह्याच्या गावांत विंचवाची धास्ती परत जागी होते. भारे उचलताना, उडवी रचताना हात नेमका कशावर पडेल, याचा नेम नसतो. आपल्याकडे दिवाळी याच कामाच्या धांदलीत येते. म्हणून ‘शुश्रूषा आणि संशोधन’ हा यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरला, तेव्हा आम्हाला आधी आठवलं ते आपल्याच जिल्ह्यातलं महाड.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे यायची, त्यांत लहान मुलं पुष्कळ. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे गार हातपाय, मग धाप, आणि फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद करत राहिले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि तिचे परिणाम १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस दगावत. हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या.

ही कथा डॉक्टरांची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण गोळी दिल्यानंतरची रात्र कशी जाते ते पाहा. दर तीन तासांनी पुढची मात्रा द्यायची. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. मूल रडतं, आई त्याला उचलून खांद्यावर घ्यायला जाते, आणि तेवढ्यात सिस्टरने तिचा हात धरून म्हणायचं, ‘ताई, आत्ता उचलू नका.’ मग पांघरूण सारून तळपाय चाचपायचे: अजून गार? अजून ओले? हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत औषध चालू ठेवायचं, असा उपचाराचा नियमच आहे. म्हणजे औषध कधी थांबवायचं ते ठरतं या स्पर्शावर, आणि त्या वेळी खाटेजवळ बहुधा परिचारिकाच असते. तळपाय किती वाजता गरम झाले हे तिने लिहिलं तर ते संशोधनाचं साहित्य होतं. नाही लिहिलं तर ड्युटी बदलताना ते हवेत विरतं.

पुढे महाडलाच झालेली चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. सत्तर रुग्ण, पस्तिसांना नुसतं प्राझोसिन, पस्तिसांना प्राझोसिन आणि शिवाय विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. आकडे बोलके आहेत, पण आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती चाचणीची आखणी. तुलनेसाठी कुणालाही औषधावाचून ठेवलं नाही. जे गुणकारी आहे हे ठाऊक होतं ते प्रत्येकाला मिळालं. प्रश्न फक्त त्यात भर घालण्याचा होता.

सगळीकडे हे इतकं सरळ नसतं. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी केली. त्यात दीड लाखावर स्त्रिया होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हिनेगरची साधी तपासणी करून घेतली आणि या आजाराने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डॉक्टरांची वाट न पाहता वस्तीतली बाई हे काम चोख करू शकते, याचा एवढा भक्कम पुरावा दुसरा क्वचितच असेल. पण निम्म्या स्त्रिया तुलनेच्या गटात होत्या. त्यांना आजाराची माहिती मिळाली, त्या वर्षांत या कार्यक्रमातून तपासणी मात्र मिळाली नाही. ती नंतर देऊ केली गेली. कर्करोग वेळेत पकडण्याची रीत जगाला आधीच माहीत असताना हे योग्य होतं का, यावर तज्ज्ञांत कडाक्याचा वाद झाला. या चाचणीने पुढे असंख्य बायकांचं भलं होणार, हे आम्ही मानतो. तरीही तो गट तसा ठेवायला नको होता, असं आमचं मत आहे. ज्यांच्या मृत्यूंची मोजणी झाली त्या बायकांत आपल्याच घरांत धुणीभांडी करणाऱ्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्याही असणार.

उपचार रोखून ठेवण्याचं टोक अमेरिकेत गाठलं गेलं. तिथल्या टस्कीगी गावात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या गरीब काळ्या पुरुषांना उपचारांशिवाय नुसतं निरखलं गेलं. पेनिसिलिन आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. त्या माणसांना तपासणीला घेऊन येणारी, त्यांच्या घरोघरी जाणारी, त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास असलेली व्यक्ती एक नर्स होती, युनिस रिव्हर्स. परिचारिकेवर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात. म्हणून संमती मागण्याचं काम तिच्यावर सोपवणं सोपं असतं, आणि म्हणूनच तिला नकार देण्याची मुभा असायला हवी.

आपल्याकडे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. त्याच वर्षी रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभारलं, आणि लोकनिंदा झेलून मराठी बायका तिथून परिचर्येच्या शिक्षणाकडे वळल्या. शंभरावर वर्षांनी संशोधन आणि संख्याशास्त्र बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहे. तरी बरेच प्रबंध मातांना प्रश्नावली देतात, मग एक व्याख्यान, पुन्हा तीच प्रश्नावली, आणि बांधलेली प्रत कपाटात. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींकडे याहून खरे प्रश्न आहेत. डोंगरातल्या वाडीपासून पेण किंवा रोह्याच्या रुग्णालयापर्यंत येताना विंचूदंशाच्या रुग्णाचे किती तास जातात? त्यांतले किती भगताकडे जातात? धाटावच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला खोकल्याबद्दल विचारलं, तर त्याचं उत्तर मुकादमाच्या कानावर जाणार नाही याची हमी कोण देणार?

कातकरी वाडीत तर संमतीपत्रापासूनच अडतं. लिहिता-वाचता न येणाऱ्याला मजकूर समजावून द्यावा आणि निःपक्षपाती साक्षर साक्षीदारासमोर अंगठा घ्यावा, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. साक्षीदार म्हणून वीटभट्टीचा मुकादम उभा केला तर कागद पुरा होईल, संमती होणार नाही. ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्याच्यासमोर ‘नाही’ कोण म्हणेल?

जिल्ह्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांना आमची एक विनंती आहे. वाडीवर अभ्यास करायचा तर वेळापत्रक विद्यापीठाच्या परीक्षेवरून ठरवू नका. दिवाळी उलटली की घरंच्या घरं भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भाताची लावणी आटोपल्यावर वाडीवर जा, साक्षीदार वाडीतलाच निवडा, आणि जे सापडलं ते कातकरी बोली येणाऱ्या बाईकडून तिथेच सगळ्यांना सांगा, माणसं भट्टीवर निघण्याआधी.